लाल रेघ

परवा मत देऊन आले, तेव्हा बोटावरच्या शाईचा उग्र वास नाकात गेला आणि समुद्रकाठच्या थळ गावची ती जुनी निवडणूक आठवली. तिथल्या शाळेत शिकवत होते, म्हणून मला केंद्रावर मतदारयादी सांभाळायचं काम दिलं होतं.

दुपारी हिराबाई नावाची कोळीण आली. तिचं नाव मयत म्हणून वगळलेलं.

"बाई, मी तर जिती हाय," ती शांतपणे म्हणाली. केंद्राध्यक्षांनी नियम सांगून नकारार्थी मान हलवली.

"मंग माझ्या दादल्याचं बघा. धा वर्सं झाली, होडीसंगट बुडाला. अंग काय गावलं न्हाय."

त्याचं नाव यादीत होतं. त्यावर माझ्याच हातची लाल रेघ होती, म्हणजे सकाळी तो मत देऊन गेला होता. मी तिला तसं सांगितलं, पण कितीही आठवून पाहिलं तरी मला त्याचा चेहरा आठवेना.

हिराबाई त्या रेघेकडे बघत राहिली. "कंच्या वाटेनं गेला?"

कुणीतरी त्याच्या नावावर खोटं मत दिलं होतं, हे आज मला सरळ दिसतं. तेव्हा मात्र तो खरंच येऊन गेला असं वाटलं. मी नुसतं दाराकडे बोट केलं.

स्वतःचं मत विसरून ती केस सारखे करत लगबगीनं समुद्राकडे निघाली. मी तिला हाक मारली नाही.