टेक ऑफ आणि माझी ताई

आज नातीला 'टेक ऑफ'चे सगळे अर्थ हवे होते. मी तोंड उघडेपर्यंत तिने माझ्या ताईला फोन लावलासुद्धा. विमान उडतं ते, चपला काढतो ते, कामावरून सुट्टी घेतो ते... ताई थांबेचना.

साठच्या दशकात तारापूरला वीजप्रकल्प उभा राहत होता, तेव्हा परदेशी इंजिनियरचं मूल सांभाळायला आईने ताईला धाडलं. मला म्हणाली, "तू पन गेली तर घरातलं काम कोन करनार?"

संध्याकाळी ताई मडमेचं इंग्रजी बोलून दाखवायची. मी तिच्याकडे पाठ फिरवून मासे साफ करायचे आणि तिचा शब्दन्‌शब्द मनात घोकायचे.

नातीला म्हटलं, "मलाही येतं गं हे."

"हो का? आजी, चहा टाकतेस?"

टाकला. आता सांगा, जळू नको तर काय करू?