नीलाक्काचे दात

वळसंगचा ओळखीचा गाडीवान सकाळीच माझ्या सोलापूरच्या दुकानात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमची अक्का गेली की." हातातलं लुगडं फळीवर ठेवलं, दुकानाला कुलूप घातलं आणि त्याच्याच बैलगाडीत बसलो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं... आला तो राग. सोलापुरात आजही इंग्रजी पाटी लावून बसलेल्या त्या दातांच्या डॉक्टरचा राग. महिना उलटला तरी तो शमला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नीलाक्का माझी थोरली बहीण, वळसंगला दिलेली; मी तिचा 'तम्मा', धाकटा भाऊ. घरात कानडी, दारात मराठी, आणि दोन्हींत बोलणं सडेतोड. ऊस दातांनी सोलायची. ती कडक भाकरी खायला बसली की तो कुडुमकुडुम आवाज माजघरातून ओसरीवर यायचा आणि दाजी गालात हसायचे. चाळिशीनंतर तिचे गुडघे धरले. त्याच सुमारास एक दाढ दुखायला लागली, म्हणून दाजींनी तिला त्या डॉक्टरकडे नेलं. बोलता बोलता तिने गुडघ्यांचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "दातांतलं विष सांध्यांत उतरतं. सगळे काढले की बाई धावायला लागतील." शिकलेल्या माणसाचा शब्द... दाजींनी तिच्या पाटल्या मोडल्या. खेपा घालून घालून तोंडातले सगळे चांगले दात गेले आणि तांबड्या रबराची कवळी बसली. "जन्मभर टिकेल," डॉक्टर म्हणाला होता. ते खरं ठरलं. कवळीला ओरखडाही उमटला नाही.

गुडघे मात्र दुखायचे तसेच दुखत राहिले. भाकरी आमटीत भिजत घालावी लागायची. हसताना तोंडावर पदर आला. गावच्या भजनात पुढचा आवाज तिचा असायचा. एकदा ऐन गाण्यात कवळी सुटली, ती उठून घरी आली आणि पुन्हा भजनाला कधी बसली नाही.

वर्षभराने तिने मला सोबत घेतलं आणि दवाखाना गाठला. बाकावर माणसं बसलेली. डॉक्टरने हसून विचारलं, "काय बाई, कसं आहे?" अक्काने कवळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. फडक्यातून कडक भाकरी काढली, तुकडा तोंडात घातला आणि नुसत्या हिरड्यांनी चावत राहिली. ओठांवर रक्त आलं तेव्हा थांबली.

"गुडगे हाईत तसेच हाईत," ती म्हणाली. "माजे दात कुटं हाईत?"

"बाई, शास्त्र तेच सांगतं."

"शास्त्राला पायजे होते, का तुमाला?"

बाकावरचे दोघे उठून चालू लागले.

त्यानंतर गावात कुणाचा दात ठणकला की अक्का त्याच्याबरोबर सोलापूरला यायची. आधी आपली कवळी काढून त्याला दाखवायची, मग डॉक्टरच्या खुर्चीशेजारी उभी राहायची. "दुकतोय तेवडाच बगा," एवढंच म्हणायची. डॉक्टर तिला हाकलू शकला नाही. बाहेर जाऊन ती काय बोलेल हे त्याला ठाऊक होतं. माझी दाढ किडली तेव्हाही ती आली. डॉक्टरने कीड कोरून काढली, चांदी भरली. आज इतक्या वर्षांनीही त्या दाढेने मी शेंगदाणे खातो. म्हणजे त्याला काम येत होतं... हे कळलं तेव्हा माझा राग दुप्पट झाला.

दिवस घालायच्या आतच तो डॉक्टर वळसंगला भेटायला आला. केस पांढरे झालेले. ओसरीवर बसला, दाजींशी चार शब्द बोलला आणि मग त्याने मला हळूच विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. सोडून दे, असं त्या नजरेत होतं. पण अखेरच्या दुखण्यात अक्काने मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "तम्मा, त्यो येईल. त्येला गोड बोलू नगंस."

"म्हणाली," मी सांगितलं. "माफ केलेलं नाही म्हणाली."

तो उठला, पायांत जोडे घातले आणि टांग्याकडे गेला. तेवढ्यात अक्काची सून त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली आणि कप हातात धरून घुटमळली. मी तो तिच्याकडून घेतला आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत ओसरीवर बसून सावकाश प्यायलो.