ड्रेसरभाऊंचे डबे

टिंचरचा वास आधी यायचा, मग सायकल, आणि सायकल हातात धरून ड्रेसरभाऊ. टिंचरच्या तळाशी सरकीच्या ढेपेचा तेलकट, उबदार वास असे. जानेफळच्या गुरांच्या दवाखान्यात उभी नोकरी जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात घालवलेल्या त्या माणसाच्या कातडीत तो मुरून गेला होता. गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मीही कधी विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

जनावराला हात लावण्याआधी ते त्याची परवानगी घेत. "लावू का वं माय?" असं म्हशीला विचारून तिचा कान हलेपर्यंत थांबत. मालकानं घाई केली तर त्याला म्हणत, "तुले नाई विचारलं बे. जखम तिची हाये."

आई गेली त्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले. शाळेत शिकवून परतल्यावर कुलूप काढताना, आत काहीच हलत नाही हे मला ऐकू येऊ लागलं होतं. मला मांजर हवं होतं. आणि मांजर जवळ आलं की लहानपणापासून माझे डोळे सुजत, शिंका थांबत नसत. मोबाईलवर पाहून मी काही जाती निवडल्या होत्या. नागपूरचा एक विक्रेता छातीठोकपणे सांगत होता, आमच्या मांजरांची ॲलर्जी कुणालाच होत नाही. ड्रेसरभाऊंनी मोबाईल हातभर लांब धरला.

"सायबेरियन. म्हंजे बर्फातली. मे महिन्यात तिले कूलर लावसान?" पुढचं चित्र. "अन् हे बिनकेसाचं? पापडावानी भाजन बाई ते इथल्या उन्हात." मग हसू आवरून म्हणाले, "मी म्हशीचा मानूस. पन केसाले काऊन दोष देता? मांजर आंग चाटते. शिंक त्या थुंकीत असते, कातडीच्या कोंड्यात असते. बिनशिंकेची जात कोनापाशी नाई. एखांदी मांजर तुमाले सोसन, एखांदी नाई. ते पाहा लागते."

पाहण्याची रीत त्यांचीच. जुन्या धोतराचा तुकडा दोन दिवस मांजराखाली अंथरायचा, पत्र्याच्या डब्यात बंद करायचा आणि रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर आणायचा. मी ते फडकं मांडीवर घेऊन अर्धा तास बसायचं. समोर बसून त्यांनी शिंका मोजून वहीत लिहायच्या. चहा त्यानंतरच. "वाफेनं नाक मोकयं होते," ते म्हणत, "मंग काई समजत नाई."

पहिला डबा खामगावच्या तेलगिरणीतल्या बोक्याचा होता. एकोणीस शिंका. दुसरा मेहकरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या पर्शियनचा. "लय महागाच्या शिंका हायेत ह्या," झाकण लावता लावता ते पुटपुटले. बोक्यांपेक्षा भाट्या बऱ्या, असं ठरवून पुढं ते मांजरींचीच फडकी आणू लागले. रविवारची मी शनिवारपासून वाट पाहू लागले. झाकणाचा टणत्कार, त्यांचा खोकला, व्यायला आलेल्या म्हशींच्या गोष्टी. आठवड्यातून एकदा ओसरीला आवाज फुटत असे, आणि तो आवाज मी पुढचे सहा दिवस पुरवून पुरवून ऐकत असे.

पाचव्या डब्यात त्यांच्याच आळीतल्या एका लेकुरवाळ्या तिरंगी भाटीचं फडकं होतं. वीस मिनिटं झाली. नाक कोरडं, डोळे स्वच्छ. ड्रेसरभाऊ घड्याळाकडे पाहत होते, आणि मला एकाएकी पुढचा रविवार दिसला: घरात मांजर आलेलं, आणि समोरची खुर्ची रिकामी. मी पदर नाकाशी नेला आणि शिंकले. मग आणखी दोनदा.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

त्यांनी वहीत लिहिलं. ते गेल्यावर त्या खोट्या शिंकेचा आवाज बराच वेळ घरात राहिला.

तिरंगी भाटीची पिल्लं महिनाभरात वाटली गेली. मी शिंकत राहिले. ते पार संग्रामपूरपर्यंत एसटीनं जाऊन डबे आणत राहिले. "लय खानदानी नाक हाये बाई तुमचं. कोनाचंच जमू देत नाई." पोळा होऊन गेल्यावरच्या एका रविवारी मी सात शिंका दिल्या, तेव्हा मात्र त्यांनी वही उघडलीच नाही. डब्याचं झाकण सावकाश लावलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चहाचा दुसरा कप मागून घेतला. रविवार चालू राहिले.

या उन्हाळ्यात ते गेले. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांची सून ओट्यावर ते डबे घासून उपडे घालत होती.

"पोयापासून तं मीच फडके देत होती बाबाले," ती म्हणाली. "उकयलेले, उन्हात वायवलेले. कोन्या मांजरीचे नाई. म्या म्हनलं, बाबा, हे कोरंच काऊन नेता? तं म्हने, बाईले दवा लागू पडून राह्यली, तू उकय."

ओट्याचा दगड तापला होता. मी हात टेकला, आणि तो उचलायचं भान राहिलं नाही.

"म्हणजे मी खोटं शिंकत होते, हे त्यांना ठाऊक होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एक डबा पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि माझ्यापुढं ठेवला.

"हाव."