बाबांचा भाता आणि भरली वांगी

दोन आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी माझं डोकं उठलं. हॉस्पिटलमधून नाइट्स करून आले होते, जरा कुठे डोळा लागला... आणि खालून रेडकू हंबरावं तसा आवाज सुरू झाला.

रेडकू नव्हतं, आमचे बाबा होते. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडात न्यूकासलला आलेत. आयुष्यभर हौसेने बासरी वाजवली, पण दम्यामुळे ती सुटली आणि माणूस गप्पच झाला. इथेही दिवसभर खिडकीत बसून राहायचे... बघवायचं नाही.

मग शेजारच्या जॉर्जआजोबांनी त्यांना आपली बॅगपाइप दिली, इकडची, छोटी. मी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, इनहेलर घेणाऱ्या माणसाने बॅगपाइप?" तर म्हणे, "अगं, ही तोंडाने फुंकायचीच नसते!"

खरंच नसते हो. उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधलेला छोटा भाता, लोहाराकडे असतो तसा. त्याची हवा जाते डाव्या काखेतल्या पिशवीत, आणि ती पिशवी सारखी दाबत राहायची. मग एका नळीवर बोटं नाचवायची, बाकीच्या नळ्या तंबोऱ्यासारखा सूर धरून बसतात.

पण आमचे बाबा पडले बासरीवाले! ओळ संपली की सवयीने दम घ्यायला थांबणार, आणि त्यांच्याबरोबर कोपरही थांबणार. हवा कमी, सूर बसला... रेडकू हजर. जॉर्जआजोबा "कीप गोइंग, कीप गोइंग" म्हणून थकले. कित्येक आठवडे हेच... वैताग नुसता!

तर त्या रविवारी मी तणतणत खाली गेले. बाबा पडेल चेहऱ्याने म्हणाले, "आज शेवटचं बघतो. नाही जमलं तर परत देऊन टाकतो." झोपमोडीचा राग होताच... म्हटलं, "द्या! मी जाते, मला भरली वांगी करायचीयत." आणि सुपरमार्केटमधलं एक जाडजूड वांगं समोरच्याच ओट्यावर आपटलं.

बाबांनी वाजवता वाजवता ते बघितलं आणि भडकलेच. "हे? ह्याची भरली वांगी? अगं, हा भोपळा आहे! कृष्णाकाठची वांगी खाऊन वाढलीस ना तू? आणि दाण्याचं कूट कुठाय? तीळ भाजलेस का?"

मी उलट उत्तर द्यायला वळले आणि बघते तर काय! बाबा माझ्यावर ओरडत होते... आणि पाइप्स वाजत होत्या. दम बोलण्यात गुंतला होता, आणि कोपर एकदाही थांबलं नव्हतं! त्यांनी नुसत्या तोंडाने मसाला भरून, वांगी शिजवून, वर कोथिंबीर घालेपर्यंत सूर सरळ चालला होता. मग त्यांच्याही लक्षात आलं. डोळे भरले, पण हात काही थांबवले नाहीत.

आता रोज सकाळी पाइप्सही चालू आणि तोंडही. चहा पातळ झालाय, पडदे धुवायला काढ, जावईबापूंना स्वेटर घालायला सांग... डोक्याला ताप आहे नुसता.

आज तर दहा मिनिटं मला झापलं, सुरात. मी ड्रेसिंग गाउनमध्ये जिन्यातच बसून सगळं ऐकून घेतलं. बोला बाबा, बोला... किती दिवसांनी बोलताय.