आईला अटॅक आला नव्हता

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेलं माणूस नव्हतं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. दोन खोल्या, आम्ही दोघी बहिणी, तंबाखूचा खकाणा, आणि दाराच्या उजेडात पुस्तक घेऊन मी. "तू वाच, बिडीच्या पानाला हात लावू नको," एवढंच आई म्हणायची. तिनं मला एकही बिडी वळू दिली नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

लपवलं ते वेगळंच. ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

मी शेवटच्या वर्षाला असताना आईच्या बिड्या छाटीत निघू लागल्या. छाट म्हणजे तपासणारा नापास करून बाजूला टाकतो तो माल. वीस वर्षं जिचा हात न बघता चालला, तिची निम्मी बिडी सैल. तपासणारा म्हणाला, "मावशी, नजर गेली तुमची." आम्हाला पटलं. चष्मा आणला. ती पहाटेच उठून नुसती बसून राहायची, ताटावरून उठायची. "माझा तुमाला तापच हाय," म्हणायची. आम्ही म्हणायचो, "चष्मा लाव की."

डिप्रेशन हा शब्द मी कॉलेजात ऐकला होता. पण ते शिकल्यासवरल्या माणसांना होतं, असा माझा समज.

माझ्या निकालानंतर दोन महिन्यांनी आईनं स्वतःचा जीव संपवला. कसा, ते लिहिणार नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

सगळं आटोपून घरी आलो तेव्हा वडलांनी दारातच सांगितलं, "कुनी इचारलं तर अटॅक म्हनायचं. धाकटीचं लगीन व्हायचंय." गल्लीला खरं माहीत होतं. गल्लीनंही अटॅकच म्हणायचं ठरवलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आईला आदरांजली वाहायच्या कार्यक्रमात मी माइक हातात घेऊन तेच बोलले.

दोन वर्षांनी त्रास मला सुरू झाला. तोवर मी सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात लागले होते. पहाटे चारलाच जाग यायची, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटायचं, एकच पत्र तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरायचं नाही. वडील दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"आईला अटॅक आला होता. पंचेचाळिशीत." सवयीनं तोंडातून निघून गेलं.

तिथून सगळं चुकीच्या रस्त्याला लागलं. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो नीट. टूडी इको केलं, म्हणजे सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून हृदय बघतात. तेही नीट. मग स्ट्रेस टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवतात. मी अर्ध्यातच दमून उतरले, तेव्हा त्यातून काही ठरेना. पंधरा दिवस आम्ही बाकांवर काढले. वडील डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "आई इतक्या लवकर गेली, म्हणून धोका नको. अँजिओग्राफी करू. हातातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात."

वडील उभे राहिले. "साहेब, नळी घालू नका. हिच्या आईला अटॅक आलाच न्हवता."

"मग?"

"तिनं जीव दिला. पोरीला खोटं मीच बोलायला लावलं."

डॉक्टर रागावले नाहीत. फाईल मिटून मला म्हणाले, "छातीचं जरा बाजूला ठेवू. झोप कशी आहे?"

त्याच दिवशी वरच्या मजल्यावर सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर, वेड्यांचे नव्हेत. मॅडमनी सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" ऑफिसात मी 'हो' म्हणते. त्या दिवशी तोंडून "व्हय" आलं. मॅडम दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारल्यानं हा विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही. न विचारल्यानं माणूस एकटं पडतं."

मॅडमनी डिप्रेशन आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, हे आधी माहीत असू द्या. मला पहिल्या आठवड्यात फक्त तोंड कोरडं पडलं, म्हणून मी सोडायला निघाले होते. गोळ्या वडलांच्या ताब्यात असायच्या आणि पहिला महिना मला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. दर आठवड्याला मॅडमकडे बोलायला जायचे.

एकदा विचारलं, "आईला चष्म्याच्या दुकानात नेण्याऐवजी इथं आणलं असतं तर?"

"कदाचित वाचल्या असत्या. नक्की कुणीच सांगू शकत नाही. तुम्हाला सैल बिडी दिसली, तुम्ही डोळे तपासले. म्हणजे काळजी केलीतच. आजार दुसरा होता, आणि तो तुम्हाला कुणी दाखवला नव्हता."

मी तो तुम्हाला दाखवते आहे. घरातल्या माणसाचा चालता हात अडखळला, झोप उडाली, 'माझा तुमाला ताप हाय' असं ते म्हणू लागलं, तर त्याच्याजवळ बसून विचारा आणि डॉक्टरकडे न्या. आणि डॉक्टरांपुढे खरं बोला.

मागच्या वर्षी अकलूजचे पाहुणे धाकटीला बघायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, "आई कशानं गेल्या वो?"

मी वडलांकडे बघितलं. ते म्हणाले, "डिप्रेशन म्हनून आजार असतोय. त्यात तिनं जीव दिला. ह्या थोरलीलाबी झाला, गोळ्या खाल्ल्या, बरी हाय. पटलं तर बसा, न्हायतर च्या पिऊन जावा."

बाईंनी आपल्या मुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माज्या भावाचंबी असंच झालं. आमी साप चावला म्हनतो."

धाकटीचं लग्न तिथंच झालं. माझ्या गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्षानं मॅडमनी त्या हळूहळू बंद केल्या. मी कामावर आहे, झोप लागते. आणि आई कशानं गेली हे आमच्या घरात आता खरं सांगतात.