काळी बिअर आणि चारचा कॉल

प्रताप रिसबूडशी ओळख झाली की दहा मिनिटांत दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे तो मूळचा चिंचवडचा, आणि दुसरी म्हणजे तो घरी बिअर करतो. "आणतो नाही, करतो," ही दुरुस्ती तो स्वतःच करतो, समोरच्याने काही विचारलेलं नसलं तरी. एकदा त्याच्या तोंडून माल्ट हा शब्द निघाला की यजमानाने जेवणाची पानं घ्यावीत हे बरं, कारण तो आपणहून थांबत नाही.

एरवी हा माणूस मितभाषी. सिंगापुरातल्या आंग मो किओच्या एका कंपनीत तो चिप तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बघायचा. बुकित बातोकला भाड्याचा फ्लॅट, बायको नीता, सेकंडरी थ्रीमधली, म्हणजे नववीतली, मुलगी गार्गी. या देशात येऊन अकरा वर्षं झाली. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला, तेव्हापासून त्याने तो विषयच काढला नाही. मात्र दर जुलैत स्टाउट जातीची एक जबर काळी बिअर घालायची, नऊ महिने बाटलीत मुरू द्यायची आणि पुढच्या वर्षी उघडायची, हा नेम त्याने अकरा वर्षांत एकदाही चुकवला नाही. सत्यनारायण दोनदा राहिला. हे नाही. नीता त्याला 'तुझं डांबर' म्हणते, गार्गी 'बाबाचा सोया सॉस'. दोघीही पीत नाहीत.

यंदाच्या पंधरा जुलैला, मंगळवारी, सकाळी दहा वाजता त्याला एका छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर पाण्याचा जग, टिश्यूचा डबा आणि त्याच्या नावाचं पाकीट. पंधरा मिनिटांत आटोपलं. महिनाअखेर नोकरी संपणार, त्याबरोबर कामाचा पास रद्द होणार, आणि तिथून तीस दिवसांत तिघांनी देश सोडायचा, किंवा त्याआधी दुसरी नोकरी मिळवायची. लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड तिथल्या तिथे ठेवून घेतलं. समोरची बाई म्हणाली, काही विचारायचं आहे का? प्रतापने विचारलं, "पार्किंगच्या बाजूने बाहेर पडता येईल का?" त्याच्याकडे गाडी नव्हती. का विचारलं, हे त्याला अजून माहीत नाही.

परतीच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, त्याला बसायला जागा मिळाली. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. काही वाटलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं सगळं अंग. घरी नीता भाजी निवडत होती. "आज लवकर?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आता काही आठवडे घरूनच काम आहे."

हे एक वाक्य बोलून तो मोकळा झाला आणि अडकलाही. संध्याकाळी सांगू, मग शनिवारी सांगू, मग एखादी मुलाखत ठरली की दोन्ही एकदम सांगू, असं करता करता मूग गिळून बसायची सवय लागली. मोठं खोटं बोलायला धाडस लागतं म्हणतात. काही लागत नाही. माणूस पुरेसा बधिर असला की झालं.

शनिवारी त्याने बिअर घातली. नऊ किलो भरडलेले सातू आधीच येऊन पडले होते, आणि इथल्या दमट हवेत भरडलेलं धान्य महिनाभरात सादळतं. मग घालायची तर आत्ताच. ही बाटली उघडायच्या दिवशी आपण कुठे असू, हे त्याला माहीत नव्हतं. तरी त्याने वजनकाटा काढला. फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, थोडे ओट्स, आणि काळेपणासाठी करपायच्या बेताला भाजलेले सातू. त्यांचा वास पार कॉफीचा, शेजारची आंटी दरवर्षी जाळीच्या दारातून डोकावून कॉफी केली का विचारते. मोठ्या पातेल्यात सदुसष्ट अंशांच्या पाण्यात धान्य तासभर भिजवलं, की त्यातली साखर सुटते. मग तो रस गाळायचा, चोथा गरम पाण्याने धुऊन उरलेला गोडवाही काढून घ्यायचा, आणि हॉप्सची कडवट फुलं टाकून दीड तास उकळायचा.

नीताचं काम ठरलेलं. रस निवत आला की एक चमचा चाखायचा आणि निकाल द्यायचा.

"काकवी," ती म्हणाली. "यंदा जास्तच गोड झालंय. विरजण लावलंस का?"

यीस्टला ती विरजणच म्हणते. इथे नळाचं पाणीही कोमट येतं, त्यामुळे रस गार करायला प्रताप आठवडाभर आधी फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतो, आणि नीताचा खवलेला नारळ दरवर्षी बेघर होतो. यंदा ती त्यावरून भांडलीसुद्धा नाही. "ऑफिसचा ताण दिसतोय तुझ्यावर," एवढंच म्हणाली आणि नारळाची चटणी करून टाकली. पातेलं उतरवताना त्याच्या मनगटाला चटका बसला. कातडी लाल झालेली त्याने पाहिली, दुखल्याचं मात्र नंतर केव्हातरी कळलं.

रस पिंपात ओतला, यीस्ट टाकलं, झाकण लावलं, पिंप स्वयंपाकघरामागच्या यार्डातल्या जुन्या फ्रीजमध्ये एकोणीस अंशांवर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले. बुडुक, बुडुक. घरात तेवढंच एक जण मनापासून कामाला लागलं होतं.

आणि प्रताप? तो रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बेडरूममध्ये जायचा, दार लावायचा, गार्गीचा जुना लॅपटॉप उघडायचा. झाकणावर मांजरांचे स्टिकर. कानाला हेडफोन. एक नोकरीचा अर्ज उघडा असायचा, त्यात 'आपल्याविषयी सांगा' या रकान्यात त्याचं नाव लिहून झालेलं. एकोणीस अर्ज गेले, दोन ठिकाणांहून आपोआप येणारं उत्तर आलं. दाराबाहेर नीताची पावलं वाजली की तो म्हणायचा, "येस, येस. अग्रीड." कोणाशी अग्रीड, देव जाणे. एकदा तर तो कोणी विनोद केल्यासारखा हसलादेखील, आणि ते ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली. तीन आठवड्यांत त्याला नेमकं वाटलेलं असं तेवढंच.

नीताने मात्र घरातलं ऑफिस मनावर घेतलं. अकराला आणि तीनला दारावर टकटक करून चहा आत ठेवायची, बोलायची नाही, बोटानेच खूण. कुकर सकाळी साडेआठच्या आत. चटणी, वाटण, इडलीचं पीठ, जे काही मिक्सरचं असेल ते आदल्या संध्याकाळी. गार्गी शाळेतून आली की ओठांवर बोट: "हळू. बाबाची मीटिंग आहे." रविवारी ती मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते. तिथे तिने कौतुकाने सांगितलंही, की हल्ली याला मान वर करायला फुरसत नाही.

असा ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला. देशात राहायचे अठरा दिवस उरले होते. बुडबुडे थांबले, साखर मोजायच्या नळीत दोन दिवस तोच आकडा आला, म्हणजे बिअर बाटलीत भरायला तयार. आदल्या दिवशी जेवताना नीताने विचारलं, "उद्या भरायची का? वेळ आहे तुला?" आणि नोकरदार माणसाला एकदम हो म्हणणं शोभत नाही म्हणून प्रताप उत्तरला, "दुपारी जमेल. चारला मोठा कॉल आहे, त्याआधी आटपायला हवं."

कुणी मागितला नव्हता हा कॉल. सवयीने निघून गेला तोंडातून.

मंगळवारी दोन वाजता दोघं यार्डात बसले. खाली बिअरही विकणाऱ्या कॉफीशॉपच्या आंटीने वर्षभर जमवून दिलेल्या तीस मोठ्या तपकिरी बाटल्या धुऊन, निर्जंतुक करून उलट्या टांगलेल्या. नीताने कणकेची खळ शिजवली होती. लेबलं तिच्या खळीने चिकटवायची आणि पुढच्या वर्षी कोमट पाण्यात बाटली ठेवली की लेबल अलगद सुटतं, ही तिची अकरा वर्षांपूर्वीची कल्पना. दुसऱ्या शेगडीवर तिने पाक केला. हेही तिचंच काम: शंभर ग्रॅम साखर, दीड वाटी पाणी, तार येऊ द्यायची नाही, नुसती विरघळवून एक उकळी. हा पाक आधी बादलीत ओतायचा आणि त्यावर बिअर सोडायची. त्या साखरेवर बाटलीत यीस्ट पुन्हा जागं होतं, गॅस धरतं, आणि बिअरमध्ये जीव येतो. पाक नसेल तर नऊ महिन्यांनी बाटलीतून निघतं नुसतं काळं पाणी.

"लेबलांवर उघडायची तारीख नाही घातलीस यंदा," नीता म्हणाली.

"घालतो नंतर."

"नंतर कधी? आटप बाबा, साडेतीन होत आले. चारला कॉल आहे ना तुझा? शर्ट बदलशील, पाणी पिशील. ते लोक थांबायचे नाहीत."

ती घाई करत होती त्याच्यासाठी, आणि तो घाई करत होता तिला दाखवायला. नळी पिंपात, बादली खाली, बिअर बादलीत, बादलीतून बाटल्यांत. तो भरायचा, ती पुसायची. दोन दांड्यांच्या यंत्राने तो एकेक पत्र्याचं झाकण दाबत गेला. तीस झाकणं. पावणेचारला शेवटचं बसलं. दोघांनी पाठ सरळ केली. अति घाई संकटात नेई, हे आपल्याकडे घाटाच्या वळणावर लिहिलेलं असतं. यार्डात लिहिलेलं नव्हतं.

भांडी आवरायला म्हणून नीताने शेगडीवरच्या छोट्या पातेल्याची ताटली उचलली.

पाक तसाच होता. काठोकाठ, निवलेला, स्वच्छ.

"प्रताप," ती म्हणाली. "पाक राहिला."

त्याने पातेल्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. तीस बाटल्या ओळीत उभ्या होत्या, झाकणं घट्ट, आत काहीही होणार नाही अशा. तो तसाच बसून राहिला.

नीताने मात्र घड्याळ बघितलं, ओढणी खोचली, स्वयंपाकघराच्या खणात हात घालून गार्गी लहान असतानाची औषधाची सिरिंज काढली आणि ती उकळायला टाकली. "हे बघ, काही बिघडलं नाही. एकेक झाकण काढायचं, या सिरिंजने प्रत्येकीत पाक सोडायचा, परत झाकण लावायचं. जास्तीची झाकणं आहेत ना? एका बाटलीला किती घालायचा तेवढं सांग आणि तू जा. पाच मिनिटं उरलीत. कॉल चुकवू नकोस, मी करते सगळ्या."

"तीसच्या तीस?"

"मग काय झालं? तुला वर्षभर वाट बघायची असते. जा तू."

प्रताप उठला नाही. काहीतरी छातीत सरकलं, चार आठवड्यांत पहिल्यांदा, आणि ते दुखत होतं.

"कॉल नाहीये, नीता."

"कॅन्सल झाला?"

"नाहीचये. नोकरी गेली. पंधरा जुलैला."

नीताने गॅस बंद केला. सिरिंज पाण्यात हलायची थांबली. "पंधरा जुलै," ती म्हणाली. "म्हणजे बिअर घातलीस त्याच्याही आधी."

"चार दिवस आधी."

"राहायचं कधीपर्यंत?"

"तीस ऑगस्ट."

आज बारा होती. तिने बोटांवर काही मोजलं नाही, तिला गणित पटकन येतं. गार्गीची शाळा, घराचा करार, अकरा वर्षांचं सामान, ती यातलं काहीतरी विचारेल म्हणून प्रताप वाट बघत राहिला.

"रोज दोनदा चहा आणून दिला मी तुला," नीता म्हणाली. आवाज अगदी खालचा, बंद दाराबाहेर बोलायची सवय लागलेला. "दार वाजवून. माझ्याच घरात चवड्यांवर चालले. पोरीला हसू दिलं नाही. कुकरची शिट्टी होऊ दिली नाही. आत कोण होतं रे? कोणाशी बोलत होतास?"

"कोणाशीच नाही."

"मी ऐकलंय तुला हसताना."

प्रतापचे डोळे भरून आले, पण अशा वेळी रडणं म्हणजे तिच्याकडूनच पुन्हा काहीतरी मागणं, एवढं त्याला कळलं, म्हणून त्याने मान खाली घातली. मनगटावरचा चटक्याचा डाग ठणकत होता, किंवा आत्ताच त्याला तसं वाटलं.

नीता स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, मग शेंगदाणे भांड्यात पडल्याचा. आणि मग मिक्सर लागला. मंगळवारी दुपारी चार वाजता, पूर्ण वेगावर. इतक्या कुटाला तेवढा वेळ लागत नाही, पण ती तो बंद करेना. यार्डातल्या बाटल्या किणकिणायला लागल्या.

बाहेरचं जाळीचं दार सरकलं. गार्गी शाळेतून आली होती. दप्तरही न उतरवता धावत आत शिरली, हातवारे करत, जमेल तेवढ्या हळू आवाजात, इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली:

"आई! व्हाय यू ऑन द मिक्सर? बाबा गॉट मीटिंग व्हॉट!"

मिक्सर थांबला.

"संपली बाबाची मीटिंग," नीता म्हणाली. "हात धुऊन ये. तीस बाटल्या परत उघडायच्यात."

प्रतापने पहिली बाटली जवळ ओढली आणि झाकण काढलं.