झेंडूचा हार आणि पाच एमएमची पट्टी

निवृत्तीने माझ्या टेबलावर प्लायच्या चार पट्ट्या मांडल्या आणि विचारलं, "साहेब, यातून रोबोचा हात व्हईल का?"

मी हसलो. तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला लाकडाचा रोबो दाखवायला आला होता.

अंबडच्या आमच्या कारखान्यात निवृत्ती वेल्डर होता. वय अठ्ठेचाळीस, सिन्नरकडचा, कामाला एक नंबर. कारखान्यात वेल्डिंगचा रोबो येणार होता. चार वेल्डरपैकी एकालाच ट्रेनिंग देऊन त्यावर ठेवणार, बाकीच्यांना नारळ. म्हणून निवृत्तीने मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच छोटा रोबो-हात करायला घेतला होता. खंडेनवमीला यंत्रपूजेसाठी प्लँट हेड येतात, तेव्हा त्यांना दाखवायचा. या वयात आपणही शिकू शकतो, एवढंच त्याला दाखवून द्यायचं होतं.

अशा हाताच्या प्रत्येक सांध्यात एक सर्वो असते. म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून तिथेच थांबणारी छोटी मोटर. तिची ताकद ठरलेली. हात जितका लांब आणि जड, तितका तिच्यावर ताण. भरलेली बादली अंगाशी धरली तर चालते. हात लांब करून धरा, म्हणजे कळेल. म्हणून नवशिक्याने हलकं साहित्य घ्यावं. प्लाय, ॲक्रिलिक, अगदी फोमबोर्डसुद्धा. हे मला माहीत होतं. पण आमच्या धंद्यात शंका आली की एक साइज जाड घ्यायची सवय.

"लाकूड बघून साहेब हसतील," मी म्हणालो आणि स्क्रॅपमधून पाच एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी काढून दिली. "ही घे. जन्मात वाकणार नाही."

"जड नाय व्हनार?"

"ॲल्युमिनियम आहे रे, लोखंड नाही."

आठवड्याने तो हात घेऊन आला. काम इतकं सफाईदार, की मलाच अभिमान वाटला. हाताने वाकून एक नट उचलला आणि डबीत टाकला.

"खांद्याची मोटर लय तापती, साहेब."

मी बोट लावून पाहिलं. चटका बसला. तेव्हाच पट्टी बदलायला सांगायला हवी होती. मी म्हणालो, "नवीन आहे. बसेल हळूहळू."

खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून त्यांना हार घातले होते. निवृत्तीची बायको आणि मुलगी आल्या होत्या. बायकोने हळदकुंकू वाहून झेंडूचा एक हार त्या हातालाही घातला. यंत्र म्हटल्यावर हार आलाच. त्याच्या वजनाचं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

प्लँट हेड समोर आले. निवृत्तीने बटण दाबलं. हात अर्ध्यावर आला आणि थरथरायला लागला. मोटर घुमत राहिली, मग आतून कटकट आवाज आला आणि हात धप्पकन खाली पडला. निवृत्तीने घाईने हार काढून पुन्हा बटण दाबलं. पण मोटरच्या गिअरचे दात गेले होते.

"चालायचंच," प्लँट हेड हसून म्हणाले. "तुम्ही वेल्डिंग छान करता, तेच बरं." पेढा घेऊन ते पुढे गेले.

पट्टी माझी होती, सल्ला माझा होता. मी मात्र हातातला पेढा खात उभा राहिलो. त्याची आजही शरम वाटते.

दोन दिवसांनी प्लँट हेडच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. "अहो, लिस्ट वर गेली," एवढंच उत्तर मिळालं. ट्रेनिंगला दुसऱ्याचं नाव होतं.

न राहवून मी घरी तसाच हात प्लायचा करून पाहिला. मोटर तेवढ्याच ताकदीची. गळ्यात हार घालूनही त्याने नट उचलला. कशाला केला असं झालं.

शेवटच्या दिवशी निवृत्ती निरोप घ्यायला आला.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणालो.

"मोटर तापती ते मला दिसत व्हतं, साहेब," तो म्हणाला. "पन तुम्ही म्हनले बसंल. मग मी माझं खरं धरलंच नाय."

तो आता पाथर्डी फाट्याजवळ ग्रिलच्या दुकानात कामाला आहे. मीही रिटायर झालो. अजून कोणी ना कोणी साहित्य विचारायला येतं. मी आधी त्यालाच विचारतो, तुला काय वाटतं? उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघतं. माझ्या सल्ल्याची गरज पडत नाही.